पान आणलंय काय?

पेणच्या शेती-औषधांच्या दुकानात तो काउंटरवर असायचा. कुणी औषध मागितलं की आधी विचारायचा, "पान आणलंय काय?" आणलेलं रोगट पान तो चष्मा कपाळावर सरकवून, अगदी डोळ्याजवळ धरून बघायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. मीही वैतागायचो.

एकदा जोहे गावातल्या माझ्या मळ्यात वांग्यांचे शेंडे माना टाकू लागले. मी घाबरून त्याला एक शेंडा दाखवला आणि सगळ्यात जहाल औषध मागितलं. मालक शेजारीच बसले होते, तरी तो म्हणाला, "अळी शेंड्याच्या आत बसलीय, तिला औषध नाय लागायचं. सुकलेले शेंडे खुडा नि जाळून टाका."

"तुला विकायला ठेवलाय की अडवायला?" मालक म्हणाले.

त्याने बाटली काढून दिली.

रविवारी सकाळी तो सायकलने माझ्या मळ्यावर हजर झाला. "फवारलं काय?"

"नाही अजून."

मग तो वाफ्यात उतरला आणि दुपारपर्यंत माझ्याबरोबर शेंडे खुडत राहिला. निघताना त्याने बाटली मागून घेतली. "माझ्याच हातून चुकीची गेली, असं सांगून दुकानात परत ठेवतो."

"मालक बोलतील तुम्हाला."

"बोलतील," पिशवी हँडलला अडकवत तो म्हणाला. "रोजच बोलतात."