नवागामच्या बाई

नवागामच्या बाई दार वाजवल्याशिवाय आईच्या खोलीत जात नसत. दार सताड उघडं असलं तरी. आई अर्धांगवायूने पडलेली, उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द नाही. "ये" म्हणणं तिला शक्यच नव्हतं. तरी बाई चौकटीवर दोन बोटांनी टकटक करायच्या, "माय, येऊ का?" म्हणायच्या आणि उभ्या राहायच्या. आईची नजर छतावरून दाराकडे वळायला कधी दहा सेकंद लागत, कधी मिनिटभर. ती वळली की मगच बाईंचं पाऊल आत पडे. पहिल्या दिवशी मी फाइल घेऊन त्यांच्या मागे उभी होते. वहीत त्यांच्या नावापुढे मी लिहिलं, "संथ".

वहीबद्दल सांगायला हवं. मी बँकेत आहे आणि माझं काम लोकांचे कागद तपासायचं. अडाजणच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी, दोघीच. आई हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा दिवसभर तिच्याजवळ कोण, हा प्रश्न मी नेहमीच्या पद्धतीने सोडवायला घेतला. घरी बाई पाठवणाऱ्या सहा ब्युरोंची नावं काढली आणि प्रत्येकाला तेच बावीस प्रश्न विचारले. ओळखपत्र आहे का, पोलीस पडताळणी झाली आहे का, बाई आली नाही तर बदली किती तासांत, तक्रार कोणाकडे आणि कशी करायची. पाच ब्युरोवाले आठव्या-नवव्या प्रश्नाला कंटाळले. सहावा भला माणूस होता. "बेन, तमे चिंता ना करो," तो गुजरातीत म्हणाला, आणि बावीसच्या बावीस उत्तरं त्याने दिली. करारात तक्रारीचं कलम मी स्वतः घालून घेतलं: लेखी तक्रार आली की चोवीस तासांत माणूस बदलायचा, आणि तो परत त्या घरी पाठवायचा नाही. त्याने त्याचं एक कलम घातलं, ब्युरोच्या माणसाला सहा महिने परस्पर कामावर ठेवायचं नाही. दोन्ही कलमं मला रास्त वाटली.

आणि त्याने पाठवल्या या बाई. पन्नाशीच्या, काटक, पदर कमरेला खोचलेला, हातात डब्याची पिशवी. नवरा नवागामला लूमच्या खात्यात, यंत्रमागावर कामाला, माहेर-सासर दोन्ही नंदुरबारकडचं.

"शिक्षण?" मी विचारलं.

"सातवी."

"नर्सिंगचा कोर्स कोणता केलाय?"

"सासू."

"म्हणजे?"

"सासू सात वर्षं आंथरुणात होती ना, ताई. तोच कोर्स. परीक्षा रोजची." एवढं बोलून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हात धुवायला बेसिन कुठे आहे ते विचारलं. मी दुसरी बाई मागणारच होते. पण सोमवार होता, मला दहाला बँकेत पोचायचं होतं. आठवडाभर बघू, असं ठरलं.

दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, म्हणून मी पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लावला होता. वेळ, कूस, सही. बाईंना लिहिता येत होतं, पण तक्त्यावर मध्येमध्ये रिकाम्या जागा राहत. मी जाब विचारला. "माय झोपली होती," त्या म्हणाल्या. "कागदासाठी झोपल्या माणसाला उठवू का?" मी चष्मा लावून आईची पाठ, कंबर, टाचा तपासल्या. कुठे लालीसुद्धा नव्हती. तक्ता अर्धा कोरा आणि पाठ स्वच्छ, याचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी रिकाम्या चौकटी मीच अंदाजाने भरल्या. आपण काय करतो आहोत ते तेव्हाही कळत होतं.

घास देण्याआधी बाई आईला त्यात काय आहे ते सांगत. "हा भात. मऊ केलाय. यात तुरीचं वरण आहे, हिंग जास्त पडलाय, तुमच्या पोरीने घाईत टाकलाय." आईने तोंड वाकडं केलं तर त्यांना राग येत नसे. "ताई," त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणत, "मायचं पोट नाही बिघडलं. तिची जीभ शाबूत आहे. तुमची आमटी काही खाली उतरत नाही बघा!" आणि आईचा अर्धा चेहरा हसे. झटका आल्यानंतर मी ते हसू पहिल्यांदा बघितलं, तेही माझ्या आमटीमुळे. पुढे बाई येताना डब्यात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीचा तुकडा आणायला लागल्या, दुधात कुस्करून भरवायच्या. आईचं माहेर अमळनेरचं, बाईंच्याच मुलखातलं. ती चव तिला शेवटची कधी मिळाली होती, देव जाणे. मी तरी कधी केली नव्हती.

कॅमेऱ्याची सूचना बँकेतल्या एका सहकाऱ्याची. त्याच्या ओळखीत कुठेतरी कामाला ठेवलेल्या बाईने आजोबांना मारलं होतं म्हणे. मी त्याच रविवारी आईच्या पलंगासमोरच्या कपाटावर कॅमेरा बसवला. सोमवारी बाईंनी तो बघितला.

"हे कोणाला बघतं?"

"सुरक्षेसाठी आहे. तुम्हालाही बरं, कोणी उगाच काही बोलायला नको."

"बघा की," त्या म्हणाल्या. "मला काय लपवायचं!"

त्याच दिवशी सव्वाअकराला माझ्या फोनवरचं चित्र काळं झालं. मी मोठं करून पाहिलं. काळ्यात निळी रेघ होती. आमचा टॉवेल. पंचवीस मिनिटांनी तो निघाला तेव्हा आई स्वच्छ गाऊनमध्ये उशीला टेकून बसलेली होती आणि बाई खिडकीपाशी काहीतरी पिळत होत्या. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारीही. मी टेबलाशी बसून वेळा टिपत गेले. शनिवारी सहा नोंदी झाल्या, आणि माझ्यासारखं माणूस नोंदी झाल्या की जे करतं ते मी केलं. ब्युरोला लेखी तक्रार पाठवली. तारखा, वेळा, कालावधी, सगळं त्यात होतं. या सहा दिवसांत बाईंना एका शब्दाने विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणणंही खरं नाही. चौकशी चालू असताना समोरच्याला सावध करायचं नसतं, असं मी स्वतःला सांगत होते.

संध्याकाळी बाई आईला चहा भरवत होत्या तेव्हा त्यांना ब्युरोचा फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं, उरलेला चहा पुरता भरवला, आईचं तोंड पुसलं आणि मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ताई, मला विचारायचं ना."

"तुम्ही रोज कॅमेरा झाकता. का?"

"मायची आंघोळ असते तेव्हा."

मी वहीतल्या वेळा काढून बघितल्या.

"मायच्या अंगावर कपडा नसतो तेव्हा. तुम्ही तिच्या पोटच्या, तुम्ही बघाल. पण तुमच्या बँकेत तुमच्या शेजारी कोण कोण बसतं, मला काय माहीत?"

माझा फोन टेबलावर पंचिंग मशीनला टेकवून उभा असे. डावीकडे कॅमेऱ्याची सूचना देणारा सहकारी, मागून येणारे-जाणारे ग्राहक, शिपाई.

"मला आधी सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगायचं काय त्यात? आंघोळीला दार लावतात, हे पण कोणी सांगतं का?"

मी त्यांच्यासमोरच ब्युरोला फोन लावला. चूक माझी आहे, तक्रार मागे घेते, म्हटलं. तो भला माणूस खरंच हळहळला. "पण बेन, तमे लखीने आप्युं छे," तो म्हणाला, तुम्हीच लिहून दिलंय. आणि कलमही माझंच होतं. त्याने ते मला वाचून दाखवलं. एक शब्द इकडेतिकडे नव्हता. बाईंनी डबा पिशवीत टाकला, आईच्या खोलीत गेल्या, थोड्या वेळाने बाहेर आल्या आणि चपला घालून गेल्या. आत त्या आईला काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. मी हॉलमध्येच उभी राहिले.

चोवीस तासांत दुसरी मुलगी आली. सर्टिफिकेट, गणवेश, हातमोजे. तक्ता कधी कोरा राहिला नाही. कामात खोट काढायला जागा नव्हती. फक्त आईने तोंड मिटलं. चमचा ओठाला लागला की दात घट्ट; दिवसभरात चार घोट दूध जाई, तेवढंच. मी ती मुलगी बदलली, मग तिसरी आली. रजा टाकून मी स्वतः बसले. वरण, खीर, दुधात कुस्करलेली भाकरी, सगळं करून झालं. आईची नजर माझ्यावरून सरकून दाराकडे जाई आणि तिथेच थांबे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आठवडाभर वाट बघू.

तेव्हा मी नवागामला गेले. ब्युरो पत्ता देईना, पण बाईंच्या ओळखपत्राची प्रत माझ्या फाइलमध्ये होती. गल्लीत लूमची खटखट इतकी, की घर विचारतानाही ओरडावं लागत होतं. शेजारीण ओट्यावर साडीचे धागे कापत होती. "ती आठे नही, माय," ती म्हणाली. "इच्छापोरले शे, एक बाबाजवळ." म्हणजे बाई इथे नव्हत्या, इच्छापोरला एका म्हाताऱ्या बाबांकडे कामाला होत्या. मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "तुम्ही त्या बँकवाल्या का?" तिच्याकडूनच कळलं, की माझ्या कागदानंतर ब्युरोने बाईंना कुठेच पाठवलं नाही. तीन आठवडे त्या याच ओट्यावर धागे कापत बसल्या होत्या.

इच्छापोरच्या त्या खोलीसमोर मी उभी राहिले तेव्हा बाई हात पुसत बाहेर आल्या. मला बघून त्यांना राग आलेला दिसला नाही. पहिला प्रश्न, "माय कशी आहे?"

मी सांगितलं. दात मिटलेले, नळी, आठवडा. त्या ऐकताना पदराने सारखे हात पुसत राहिल्या. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"चला ना, बाई," मी म्हटलं. "करार गेला खड्ड्यात, ब्युरोला काय ते मी बघते. चला."

"आत बाबा आहेत. पोरगा बारा तास कंपनीत. पंधरा दिवस या बाबांनी पण कोणाच्या हातचं धड खाल्लं नव्हतं. परवापासून माझ्या हातून घेतात."

"त्यांच्यासाठी मी दुसरी चांगली बाई शोधून देते. आजच देते. माझ्याकडे सगळी माहिती आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नाही. "ताई, तशी बाई तुम्हाला मिळाली असती, तर तुम्ही इथे आल्या असत्या का?"

बाबांना टाकून त्या आल्या असत्या, तर मला हव्या असलेल्या बाई त्या उरल्याच नसत्या. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि कळूनही मी आणखी दोनदा "चला" म्हटलं. आतून बाबांनी हाक मारली. "आले," म्हणून त्या वळल्या. "तुम्ही बसा मायजवळ," जाता जाता म्हणाल्या. "खाल्लं, नाही खाल्लं, बसा तरी."

मी बसले. आठवडा संपला आणि नळी बसली.

आता दर रविवारी दुपारी, बाबा झोपले की बाईंचा फोन येतो. "माय जेवते ना?" त्या विचारतात. मी "जेवते" म्हणते. नळीचं सांगितलं तरी त्या तिथून काय करणार? "द्या मग मायकडे," त्या म्हणतात, आणि मी फोन आईच्या कानाशी धरते. पलीकडून बारीक आवाज येत राहतो, शब्द मला कळत नाहीत. आई ऐकते. ऐकता ऐकता तिचा डावा हात पांघरुणातून हळूहळू वर येतो आणि नाकाच्या नळीकडे जायला लागतो. एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने तिचा तो हात, असं बोलणं संपेपर्यंत मी धरून ठेवते.