सेटमामांच्या ताईचा दात

सेटमामांचं खरं नाव विचारलं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागायचं. सगळं जग त्यांना सेटमामाच म्हणायचं, आणि त्याला कारण ते स्वतःच.

मामा दातांच्या कवळ्या करायचे. पण 'कवळी' म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. कवळी म्हणे म्हाताऱ्यांची असते, आपण करतो तो सेट! आणि हा शब्द एकदा त्यांच्या तोंडात बसला तो असा बसला, की दुसऱ्या शब्दांना आत जागाच उरली नाही. प्लास्टर घट्ट झालं की सेट झालं. गजर लावला नाही, सेट केला. केस विंचरले नाहीत, सेट केले. त्यांच्या घरी दही लागायचं नाही, सेट व्हायचं. भाचा परगावी नोकरीला लागला तो तिकडे सेट झाला, पुतणीचं लग्न ठरलं तर तिचं सेट झालं, आणि मांजर सोफ्यावर पसरलं की तेही सेट. सकाळी उठल्या उठल्या चिडचिड होत असेल तर घरात आधीच जाहीर व्हायचं, "आज माझं डोकं सेट नाही, कोणी बोलू नका."

एकदा बायको वैतागली. म्हणाली, "आज एक दिवस हा शब्द तोंडातून न काढता राहून दाखवा. लावता पैज?"

"त्यात काय एवढं!" मामा म्हणाले. "सेट!"

पैज तिथेच संपली.

मामा काम करायचे त्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या खोलीमागे एक अरुंद दार होतं. ते ओलांडलं की मामांची खोली. खिडकीला लागून लांब टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, मेण कापायची सुरी, आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवीन माणूस आत आला की त्याला वाटायचं, एवढी सगळी माणसं एकदम हसतायत कशाला? मामांना त्याचं काही नव्हतं. ते त्या जबड्यांशी गप्पा मारत काम करायचे आणि अधूनमधून एखाद्याला दम भरायचे, "तू काय बघतोस? तुझं शुक्रवारी."

हे काम त्यांना एका उस्तादाने शिकवलं. उस्तादाने शिव्या पुष्कळ दिल्या, पण नियम एकच दिला: घरच्या माणसाला दाखवल्याशिवाय मेण उतरवायचं नाही. त्याचं असं असतं, की दात आधी मेणात लावतात. तेव्हा सुरी जरा गरम करून कुठलाही दात पुढेमागे सरकवता येतो. मग ते मेण काढून त्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक भरतात, भट्टीत शिजवतात, आणि त्यानंतर ब्रह्मदेव खाली आला तरी दात हलत नाही. म्हणून मेणावर असतानाच सेट तोंडात घालायचा आणि घरचं माणूस समोर बसवायचं. उस्ताद म्हणायचा, "आरशात माणूस स्वतःला बघतो, त्यात काही अर्थ नाही. रोज समोर बसून जेवणाऱ्याने बघितलं पाहिजे."

मामांनी हा नियम जन्मभर पाळला. कुणी बायकोला आणायचं, कुणी सुनेला. एक गृहस्थ आईला घेऊन आले आणि सारखे मागे लागले, "आई, हसून दाखव ना. अगं, हस ना." आई म्हणाली, "तुझ्याकडे बघून हसू येत नाही रे." तरी मामांनी तिला हसेपर्यंत सोडलं नाही.

नियम मोडला तो एकदाच, आणि नेमका ताईच्या बाबतीत.

ताई म्हणजे मामांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच मामांना वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, कान पिळले, आणि शाळेत जीव रमत नाही म्हटल्यावर हाताला धरून उस्तादासमोर उभं केलं. ताईचा वरचा एक दात वाकडा होता. नुसता वाकडा नव्हे, शेजारच्या दाताच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिल्यासारखा. शाळेतली पोरं मामांना त्या दातावरून चिडवायची. मामा मारामाऱ्या करून घरी यायचे आणि ताई विचारायची, "कशावरून रे?" मामा म्हणायचे, "असंच." पण ताईला कळायचं. तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरायला लागली, आणि फोटोत तर ओठ शिवल्यासारखे मिटून बसायची.

लग्न झाल्यावर दाजी, म्हणजे ताईचे यजमान, ती हसली की हटकून म्हणायचे, "अगं, हात काढ ना तोंडावरचा." मामांच्या डोक्यात तिडीक जायची. चार माणसांत बायकोचं व्यंग दाखवतो म्हणजे काय? दाजींशी ते कधी मोकळेपणाने बोलले नाहीत, ते एवढ्याचसाठी. आणि मनाशी त्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती: एक दिवस ताईच्या तोंडात असा सेट बसवीन, की तिला हात वर करावाच लागणार नाही.

वर्षं गेली. ताईचे दात एकेक करून पडले. शेवटी राहिला तो वाकडाच. बाकीचे सगळे गेले तरी हा पठ्ठ्या एकटा उभा! अखेर तोही हलायला लागला आणि डॉक्टरीणबाईंनी काढला. हिरड्या भरून येईपर्यंत ताई बोळकं मिटून बसली, आणि इकडे मामांच्या अंगात उत्साह मावेना. तयार खोट्या दातांच्या पट्ट्यांमधून त्यांनी एकेक दात निवडला, उजेडात धरला, परत ठेवला, दुसरा घेतला. अशी सरळ ओळ लावली की फूटपट्टी लावून बघावी. आणि मेणावर दाखवायला कुणाला बोलावलंच नाही. म्हणाले, माझीच तर बहीण, मी काय परका आहे? एकदम पक्का करून देतो, चकित होऊ देत सगळे.

सेट बसवला. ताईने आरशात बघितलं.

"छान आहेत रे," ती म्हणाली. "कुणाचे आहेत?"

मामांना ती शाबासकी वाटली.

आता दाजींचं सांगितलं पाहिजे. दाजींची आठवण वर्षभरात फार पातळ झाली होती. मुलगा परगावी, त्याचं नाव चुकायचं. शेजारी तर सगळे एकाच नावाचे झाले होते. पण ताईला ते ओळखायचे. घरात कुठेही असले तरी "अगं" अशी हाक यायची आणि तिचं "आले" ऐकलं की ते निवांत व्हायचे. तो शेवटचा दात गेल्यावर मात्र ते तिच्याकडे जरा वेळ निरखून बघायचे आणि मग "अगं" म्हणायचे.

नवा सेट घालून ताई घरी गेली, आणि दाजी चटकन उठून उभे राहिले.

"या, बसा," ते म्हणाले. "आमची ही बाहेर गेलीय. येईलच एवढ्यात."

ताईला वाटलं, थट्टा करतायत. ती हसली. दाजींनी अदबीने मान हलवली आणि स्वतःची खुर्ची तिला दिली. संध्याकाळी ते बायकोला शोधायला घराबाहेर पडले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने त्यांना हाताला धरून परत आणलं.

हे मामांना कळलं रविवारी. सेट बघायला ते हौसेने ताईकडे गेले तर ताईच्या तोंडाचं बोळकं, आणि गाल पार आत गेलेले.

"सेट कुठाय?"

"कपात."

"कपात? अगं, तो तोंडात ठेवायचा असतो!"

"ह्यांच्यासमोर घालत नाही मी. घातला की हे मला पाहुणी समजतात. स्वयंपाकघराचं दार लावून घालते, दोन घास खाते, काढून ठेवते. नाहीतर मग पेज पिते."

मामांचा चेहरा पडला. पण माणूस हट्टी. म्हणाले, "होईल सवय. कुठलीही गोष्ट सेट व्हायला वेळ हा लागतोच. त्यांचं डोकं एकदा सेट झालं की..."

"चुलीत घाल तुझं ते सेट!" ताई एवढ्या जोरात ओरडली की फळीवरची वाटी हलली. "माझा नवरा मला अहो म्हणतो रे! अहो बाई म्हणतो! उभ्या जन्मात कुणी मान दिला नाही, आणि दिला तो ह्यांनी, असा! आता तर नुसत्या बोळक्यालाही ओळखायला वेळ लावतात. काल किती वेळ नुसते बघत बसले. एक दिवस अजिबात ओळखणार नाहीत, मग मी कुठे जाऊ? ह्याच घरात पाहुणी म्हणून राहू?"

बाहेरच्या खोलीतून दाजींची हाक आली, "अगं..." ताई डोळे पुसत उठली, दारात जाऊन उभी राहिली. दाजी बघत राहिले. बघत राहिले. मग कसंनुसं हसून म्हणाले, "हां. तूच ना?"

मामा घरी न जाता तडक दवाखान्यात गेले. रविवारी दवाखाना बंद, पण किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि ताईच्या जबड्याचं प्लास्टर पुढ्यात घेतलं. ज्या दातावरून मारामाऱ्या केल्या, तो दात आता आपल्याच हाताने परत लावायचा. दातओठ खात त्यांनी एक दात उचलला आणि वाकडा लावला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तो बघितला आणि कपाळाला हात लावला. "मामा, हे काय? असा दात लावतात? लोक म्हणतील, हे माझ्या दवाखान्यात केलं!"

"लोकांना चावायचं नाहीये त्याने," मामा म्हणाले. "आणि बाई, आज माझं डोकं सेट नाही."

बाई मुकाट्याने बाहेर गेल्या.

ताई दाजींना घेऊन आली, आणि ह्या वेळी मामांनी नियम पाळला. दाजींना तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. मेणावरचा सेट तोंडात घातला. ताई हसली.

"नमस्कार," दाजी म्हणाले.

मामांनी सेट काढला, सुरी गरम केली, दात आणखी पुढे घेतला. घातला. दाजी म्हणाले, "अहो, आमची ही आली की सांगा हं. मी इथेच आहे." मामांनी दात आणखी वर चढवला. दाजींनी घड्याळाकडे बघितलं. मामा घामाघूम. फोटो असता तर त्यात बघून लावला असता, पण ताईने जन्मभर एक फोटो धड काढू दिला नव्हता. तो दात आता दोघांच्याच डोक्यात होता. त्यातला एक विसरत चालला होता, आणि दुसऱ्याने तो कधी नीट बघितलाच नव्हता. लाज वाटली की माणूस बघतो कुठे?

मामा डोळे मिटून स्टुलावर बसले. आठवायला लागले. विहिरीवरून पाणी आणताना ताई, वेणी घालताना ताई, त्यांना रागे भरता भरता मध्येच फिस्सकन हसणारी ताई. आणि एकदम आठवलं. तो दात नुसता पुढे नव्हता. तो थोडा फिरलेला होता, आणि हसताना खालचा ओठ त्याच्या टोकाला अडकायचा! ती जिभेने तो सोडवायची आणि मग आणखी हसायची.

"सापडला!" म्हणून मामा बसल्या जागीच ओरडले. त्यांनी सुरी तापवली, दात केसभर फिरवला, टोक किंचित खाली आणलं आणि गार पाण्यातून काढून सेट ताईच्या तोंडात घातला. "हस."

"आता नाही येत हसू," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सोड ना. नाही ओळखत ते."

"हस म्हणतो ना!"

"अरे, हुकमाने कसं..."

मामा वैतागून उठले, पाठमोरे वळले आणि त्यांच्याबरोबर स्टूलही उठलं. ते मऊ मेणाच्या पट्टीवर बसले होते. वरून विजार, खालून स्टूल आणि मध्ये गुलाबी मेण, सगळं एकजीव झालेलं. मामांनी स्टूल ओढलं तर विजार खाली यायला लागली, विजार धरली तर स्टूल सुटेना. ते एका पायावर गोल फिरले.

"मामा," दारातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सेट झालं वाटतं?"

ताई फिस्सकन हसली. ओठ दाताला अडकला. तिने जिभेने तो सोडवला, आणखी हसली, आणि सवयीने तिचा हात तोंडाकडे गेला.

"अगं," दाजी म्हणाले, "हात काढ ना तोंडावरचा."

ताईचा हात हळूहळू खाली आला. दाजी खुर्चीतून पुढे झुकून त्या दाताकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मामांनी स्टूल तसंच धरून ठेवलं. त्या माणसाने जन्मभर ते वाक्य चिडवायला म्हटलं नव्हतं, हे मामांना तेव्हा कुठे कळलं.

"होतीस कुठे इतके दिवस?" दाजी रागावले. "मी शोधतोय. एक बाई येऊन बसतात घरात, मला काही सुचत नाही."

"आले ना आता," ताई म्हणाली.

थोड्या वेळाने मामांनी ताईच्या तोंडातून मेणाचा सेट अलगद काढला आणि वाटीत ठेवला. तेवढ्यात दाजींनी वाटीवर हात ठेवला.

"कुठे नेताय? तिचे आहेत ते."

"दाजी, मेणाचे आहेत. पक्के करून उद्या देतो."

"मग मी बसतो इथे."

"उद्यापर्यंत?"

"मला काही काम नाही," दाजी म्हणाले. "अगं, तूही बस."

ताई बसली. मामांनी मान वळवून डोळे पुसले, एका हाताने विजार सावरली, आणि भट्टी लावायला गेले.