फाटकाच्या आत घेतलेली पिकअप

माझी नोकरी गेल्यानंतर पंधराव्या दिवशी महानगरपालिकेच्या माणसानं आमच्या शारजाच्या घराबाहेर उभ्या असलेल्या पिकअपच्या काचेवर नोटीस चिकटवली. गाडी धुळीनं माखली आहे, नोंदणीची मुदत संपली आहे, दिलेल्या दिवसांत हलवली नाही तर उचलून नेऊ.

पिकअप अब्बांची. आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन गाडी, वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान. अब्बा रत्नागिरीहून तरुणपणी इकडे आले आणि अबुधाबीच्या वाळवंटात जमिनीची पाहणी करणाऱ्या एका कंपनीत ड्रायव्हर-कम-मेकॅनिक म्हणून लागले. कंपनीनं जुन्या गाड्या काढल्या तेव्हा त्यांनी ही एक स्वतःसाठी घेतली. पुढे अम्मी गेली, माझं लग्न मोडलं, आणि अब्बा शारजाला माझ्याकडे राहायला आले ते हीच गाडी चालवत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तुमच्याशी बोलताना ते तुमच्या कानाच्या पलीकडे बघतात, कारण तसं बघितलं तरच त्यांना तुमचा चेहरा थोडाफार दिसतो. लायसन्स गेलं आणि गाडी फाटकाबाहेर उभी राहिली ती राहिलीच.

मी भंगारवाल्याला फोन केला. तो सकाळी दहाला आला, बोनेटवर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "आज ही ले जाता हूँ."

अब्बा आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनी विचारलं, "इंजिन बेचोगे या काटोगे?"

"काटेंगे, चाचा. इसका अब कौन लेगा?"

अब्बांनी बोनेटवरून हात फिरवला. मला म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर, बेटा," आणि आत गेले.

मी भंगारवाल्याला परत पाठवलं. हे मी अब्बांसाठी केलं असं नंतर कितीतरी जणांना वाटलं आणि मी ते वाटू दिलं. खरं कारण वेगळं होतं. सकाळचे दहा वाजले होते आणि गाडी गेल्यावर दुपारपर्यंत मी काय करणार हे मला कळत नव्हतं. सतरा वर्षं मी कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होते, बांधकामाचा माल आणि खर्च मोजायचे. दहा वाजता माझी मीटिंग असायची. आता दहा वाजले की मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून स्वयंपाकघरात फिरायचे. नोटीस पीरियड म्हणून तीन महिने घरी बसायला सांगितलं होतं. त्यानंतर व्हिसा रद्द. अब्बांचा व्हिसा माझ्यावर, म्हणजे तोही रद्द.

शेजारच्या दोघांना घेऊन आम्ही गाडी ढकलत फाटकाच्या आत घेतली.

पहिल्याच दिवशी मी एका बोल्टचं डोकं गुळगुळीत करून ठेवलं. माझ्याकडे मिलिमीटरचे पाने होते आणि गाडी अमेरिकन, इंचांची. जवळपास बसतो म्हणून मी पाना लावला आणि जोर दिला. तो घसरला तो आवाज अब्बांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकला.

"थांब! काय लावलंस?"

"तेरा नंबर."

"अर्धा इंच लागतो तिथे. माझी पेटी खाटेखाली आहे ती आण. आणि जवळपास बसतं म्हणून काही करू नकोस."

तेव्हापासून आमचं असं सुरू झालं. मी डोळे आणि हात, ते कान आणि तोंड. स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला लावून टोक इंजिनवर टेकवायचं आणि आत कुठे खटखट आहे ते ऐकायचं, हे त्यांनी मला शिकवलं. मला सगळीकडे सारखंच ऐकू यायचं. ते मूठ कानाला लावायचे, डोकं थोडं वाकडं करायचे आणि म्हणायचे, "डावीकडून तिसरा. व्हॉल्व्ह बघ." आणि तिथेच काहीतरी निघायचं.

पण मी चांगली शिष्या नव्हते. माझा फोन बोनेटच्या कडेवर ठेवलेला असायचा. दर पाच मिनिटांनी हात पुसून मी तो बघायचे. कुणाचा मेल, कुणाचं "वी विल गेट बॅक टू यू". अर्धं काम टाकून आत जायचे, सीव्हीतली एक ओळ बदलायचे, परत यायचे, तोपर्यंत कुठला स्क्रू कुठे ठेवला ते विसरलेले असायचे. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी पोचवणाऱ्या, वायरी लावताना तर मी दोनदा उठून गेले. तिसऱ्या वेळी अब्बा म्हणाले, "एक तर फोन धर, नाहीतर वायर धर. इंजिनला क्रम असतो."

"आणि कॉल आला तर?"

"आला तर वाजेल की."

मी वायरी टाकून फाटकाबाहेर गेले आणि उन्हात गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. परत आले तेव्हा त्यांनी चाचपून चाचपून आठही वायरी लावलेल्या होत्या. त्यातली एकही चुकली नव्हती.

दुसऱ्या महिन्यात आमचं भांडण झालं. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना कार्बुरेटर सारखा नखरे करत होता. मी इंटरनेटवरून फ्यूल इंजेक्शनचा किट मागवला. कार्बुरेटर काढायचा, त्याच जागी हा बसवायचा, एक छोटा कॉम्प्युटर जोडायचा, पेट्रोलसाठी जास्त जोराचा पंप लावायचा. अब्बांना मी बॉक्स आल्यावरच सांगितलं.

"कार्बुरेटरला काय झालं?"

"अब्बा, रोज सकाळी अर्धा तास जातो त्याच्यात. हे लावलं की चावी फिरवली, खलास, चालू."

"तो मला ऐकू येतो. कमी पितोय, जास्त पितोय, मला कळतं. तुझ्या कॉम्प्युटरचं मला काय कळणार?"

मी म्हणाले, "तुम्हाला कळायची गरजच नाही. तो स्वतःच करतो."

हे बोलायला नको होतं. त्यानंतर दोन दिवस त्यांची खुर्ची रिकामी होती. ते आत रेडिओ लावून बसले आणि मी एकटीनंच किट बसवला. किटमधला रबरी पाइप वीतभर कमी पडला. सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की जुना पाइप वापरू नका, प्रेशर सोसणार नाही. मी ते वाचलं होतं. तरी जुन्याचाच एक तुकडा मध्ये जोडला, क्लिपा आवळल्या आणि संपवलं.

चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी सीटवर बसून ॲक्सिलरेटर दाबत राहिले. तेवढ्यात फोन वाजला. अबुधाबीचा नंबर. मी इंजिन बंद न करता फोन उचलला, कारण मला तो कॉल हातचा घालवायचा नव्हता. पलीकडे एका कंपनीतली बाई होती. ती माझा अनुभव विचारत होती, मी दुसऱ्या कानात बोट घालून ओरडून उत्तरं देत होते.

बोनेटवर जोरात थाप बसली. समोर अब्बा उभे होते, अनवाणी, तोंड वासून ओरडत. मला शब्द ऐकू येत नव्हते. मग ऐकू आलं, "बंद कर! पेट्रोल!"

मी चावी मागे फिरवली. फोन कधी कट केला आठवत नाही. खाली उतरले तर जुन्या पाइपला उभी चीर पडली होती आणि पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टच्या पाइपावर ठिबकून धूर निघत होता. अजून काही क्षण, आणि काय झालं असतं ते मला सांगायला कुणाची गरज नव्हती. अब्बांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास आला होता. दिसत नसताना ते तसेच अंगणात धावले होते आणि वाटेत मी टाकलेल्या जॅकवर आपटले होते. त्यांच्या नडगीतून रक्त वाहत होतं.

मी बॅटरीची वायर काढली. अब्बा वाळूवरच बसले. धूर विरल्यावर त्यांनी बोटांनी पाइप चाचपला आणि चीर सापडल्यावर थांबले.

"हा जुना तुकडा कुणी लावला?"

"मी."

"का?"

"नवा कमी पडला. आणायला जायला वेळ नव्हता."

"वेळ नव्हता?" ते माझ्या कानाच्या पलीकडे बघत म्हणाले. "आपल्याकडे दुसरं आहे काय?"

मी रडले. पाय धुवून पट्टी बांधताना मला त्यांच्याकडे बघवेना. तेच म्हणाले, "फोन कुणाचा होता?"

"अबुधाबीचा. कट केला."

"लाव परत. सांग, घरात आग लागता लागता राहिली."

मी तसंच सांगितलं. पलीकडची बाई घाबरून म्हणाली, "ओह माय गॉड, आर यू ओके?" आणि मला पुढच्या सोमवारी भेटायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या कारनं दुबईतल्या अल क्वोजला, गॅरेजांच्या वस्तीत गेलो. तिथल्या एका वर्कशॉपमधल्या पठाण मिस्त्रीला अब्बा फार जुने ओळखत होते. त्यानं योग्य पाइप मापानं कापून दिला आणि माझ्या क्लिपा बघून फक्त "अल्ला" म्हणाला. परतीच्या वाटेवर अब्बांनी विचारलं, "ते सूचनांचं पुस्तक आहे ना? मला वाचून दाखव." मी घरी आल्यावर इंग्रजी वाक्य वाचून मराठीत सांगत गेले. पंपाच्या प्रेशरचं पान त्यांनी तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे हाही पितोच. फक्त मोजून पितो. उद्यापासून मी बाहेर बसतो."

पिकअप तपासणीत पास झाली आणि नोंदणीचं नवं कार्ड आलं. सोमवारची भेटही चांगली झाली होती. नोटीस पीरियड संपायला नऊ दिवस असताना मला अबुधाबीची नोकरी मिळाली. मात्र तिथल्या फ्लॅटला एकच पार्किंग होतं आणि ते माझ्या रोजच्या कारला लागणार होतं. अल ऐनच्या रस्त्यावर शेत असलेल्या एका म्हाताऱ्या अरबानं गाडी घ्यायची तयारी दाखवली. आम्ही दोघं ती घेऊन गेलो. म्हाताऱ्यानं इंजिनचा आवाज ऐकला, हसला आणि अब्बांना चावी देऊ केली.

"ला, ला, नहीं. आँख नहीं," अब्बा म्हणाले.

"हबीबी, यहाँ क्या है? सिर्फ रेती. यल्ला, चलो!"

अब्बा बसले. मी शेजारी बसले, एक हात त्यांच्या स्टिअरिंगजवळ धरून. त्यांनी विचारलं, "पुढे काय आहे?"

"काही नाही. वाळू."

"किती?"

"नजर पोचत नाही इतकी."

त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उसळली आणि माझं डोकं छताला लागलं. त्यांनी एक मोठा गोल फेरा घेतला, मग दुसरा. मी "डावीकडे, डावीकडे" ओरडत होते आणि ते "कळलं, कळलं" म्हणत उजवीकडे वळत होते. उतरल्यावर त्यांनी चावी म्हाताऱ्याच्या हातात ठेवली.

आता महिन्यातून दोनदा, शनिवारी, मी अब्बांना त्या शेतावर घेऊन जाते. म्हाताऱ्याकडे अजून दोन जुन्या गाड्या आहेत आणि अब्बांनी दोन्हींची इंजिनं ऐकून त्याला कामांची यादी तोंडी सांगितली आहे. ते दोघं मोडक्या हिंदी-अरबीत भांडतात, खजूर खातात, पुन्हा भांडतात. मी सावलीत लॅपटॉप उघडते, बंद करते, मेल बघते. गाड्यांच्या शेडमधून अब्बा ओरडतात, "बस की जरा!" मी हो म्हणते आणि कुंपणापर्यंत चालत जाऊन परत येते.