भोईरकाका घाईत नव्हते

फोन आला तेव्हा माझ्या हातात माईक होता आणि मी एका नवरदेवाचा छळ करत होतो. अंबरनाथ पश्चिमेला साखरपुडा होता. दुपारची जेवणं नुकतीच झालेली. उखाणा घेतल्याशिवाय अंगठी मिळणार नाही असं मी जाहीर केल्यामुळे तो बिचारा घामाने भिजला होता. सूत्रसंचालन हा माझा धंदा. लोकांना हसवायचं आणि वेळ भरून काढायचा. खिशातला फोन दोनदा थरथरला, तिसऱ्यांदा काढून पाहिला तर शेजारच्या भोईरकाकू. त्या कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत. "अरे, यांना गाडीनं उडवलं," काकू म्हणाल्या, "रस्ता ओलांडताना." आणि मी, तुम्हाला खोटं वाटेल, विचारलं, "कोणाला?" त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तेच विचारलं. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर मिळून जेवढी माणसं रोज रस्ता ओलांडतात त्या सगळ्यांना उडवून झाल्यावर, अगदी शेवटी ज्याचा नंबर लागला असता असा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो हा होता.

भोईरकाका मूळचे इथल्याच मोरिवली गावचे. त्यांच्या वडिलांची भातशेती गेली तिथे कारखाने उभे राहिले, आणि त्यातल्याच एकात काकांनी पस्तीस वर्षं काढली. काम काय, तर हात दाखवणं. कारखान्यात डोक्यावरून क्रेन फिरते, तिच्या आकड्याला टनावारी लोखंड टांगलेलं असतं, क्रेनवाला वर केबिनमध्ये आणि खाली यंत्रांचा एवढा गोंगाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अशा ठिकाणी खाली उभं राहून वरच्याला हाताच्या खुणांनी सांगायचं: घे, सोड, डावीकडे, थांब. काकांनी पंजा उभा केला की लोखंड हवेत जागच्या जागी थांबायचं. मी बावीस-तेविशीत त्याच कारखान्याच्या स्टोअरला लागलो होतो. एकदा शिट्टी वाजवत, कुणाला तरी नक्कल करून दाखवत मी सरळ त्या लोंबत्या लोखंडाखालून निघालो. काकांनी क्रेन थांबवली. मला वाटलं आता आईबहीण निघणार. तसं काही झालं नाही. त्यांनी मला शिडीने वर क्रेनच्या केबिनमध्ये पाठवलं आणि स्वतः खाली मी चाललो होतो तिथे जाऊन उभे राहिले. वरून पाहिलं तर एवढा सहा फुटी माणूस, त्याची फक्त पिवळी टोपी दिसत होती, आणि तीही मधूनमधून. खाली उतरल्यावर म्हणाले, "बघितलंस ना वरच्याला तू किती दिसतोस? त्याचा डोळा तुझ्या डोळ्याला लागला नाय, तर तू तिथं नायच."

हेच एक सूत्र घेऊन हा माणूस निवृत्त झाला आणि आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या बिल्डिंगमध्ये माझ्या शेजारी राहायला आला. आणि मग सुरू झाला आमच्या करमणुकीचा काळ. आमच्याकडे रस्ता कसा ओलांडतात ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीही तसाच ओलांडता. हात गाडीकडे करायचा आणि तोंड दुसरीकडे. गाडीकडे चुकूनही बघायचं नाही, कारण आपण पाहिलं की ड्रायव्हरला कळतं आपण पाहिलंय, म्हणजे आता आपणच थांबू असं धरून तो गाडी दामटतो. नाही पाहिलं तर त्याला नाइलाजाने ब्रेक मारावा लागतो. हे शास्त्र आमच्या आयांनी आम्हाला बोट धरून शिकवलं आणि आम्ही आमच्या पोरांना. काका मला असं करताना पाहायचे आणि पलीकडे गेल्यावर विचारायचे, "तू गाडी थांबवतोस, का तिला आशीर्वाद देतोस?" त्यांची पद्धत उलटी. झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांपाशीच जायचं, मग ते कितीही लांब असोत आणि कितीही पुसलेले असोत. काठावर उभं राहायचं. येणाऱ्या ड्रायव्हरच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. त्याने पाहिलं, वेग कमी केला, मान हलवली, की मग पंजा दाखवायचा आणि चालू लागायचं. पळायचं कधीच नाही. पळणाऱ्या माणसाचा अंदाज ड्रायव्हरला येत नाही, असं ते सांगायचे. काळ्या काचेची गाडी आली तर तिला जाऊ द्यायचं, कारण आत डोळाच नाही. आता कल्याण-बदलापूर रस्त्यावर डोळ्याला डोळा देणारा ड्रायव्हर मिळायला किती वेळ लागतो? त्यांच्यासोबत बाजारात गेलो की माझं पलीकडे जाऊन चहा पिऊन, पेपर चाळून व्हायचं, आणि हे अजून अलीकडेच उभे, देवदर्शनाच्या रांगेत असल्यासारखे शांत.

त्यांच्या मुलीच्या लग्नाचा किस्सा तर मी शेकडो स्टेजवर सांगितलाय. हॉल रस्त्याच्या या बाजूला, आणि फुलवाल्याकडून हार आणायला काका गेले त्या बाजूला. मुहूर्ताला दहा मिनिटं. भटजी घड्याळ बघतायत, व्याही दारात येऊन उभे, आणि वधूपिता सोवळं नेसून, हातात दोन हार घेऊन रस्त्यापलीकडे काठावर. आम्ही इकडून हातवारे करतोय, या, या, गाडी लांब आहे. ते ढिम्म. मी माईकवरून जमलेल्या मंडळींना रस्त्यावरचं धावतं वर्णन ऐकवायला लागलो: आता एक रिक्षा गेली, तिने पाहिलं नाही, आता पाण्याचा टँकर, त्यानेही पाहिलं नाही, आता एसटी... एसटीचा ड्रायव्हर थांबला. त्याने मान डोलावली आणि काका आख्ख्या रस्त्यावरून एका चालीत, हाराची एक पाकळी न सांडता आले. मुहूर्त चुकला. व्याही वर्षभर धुसफुसत होते. काका म्हणाले, "मुहूर्त आणखी मिळतील."

हा माणूस गेला. आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी आल्या, त्यातली एक अशी: रस्ता ओलांडण्याच्या घाईत वृद्धाचा मृत्यू.

घाईत. मला हसवायचं कसं ते कळतं, रागवायचं कसं ते या बावन्नाव्या वर्षी शिकलो. ते त्या दिवशी बँकेत हयातीचा दाखला देऊन परत येत होते. जिवंत आहोत असा अंगठा मशीनवर उठवून, पट्ट्यांपाशी येऊन, अर्धा रस्ता पार करून दुभाजकापर्यंत आले होते, आणि दुभाजकावरून उतरून पुढे निघाल्यावर मोटरसायकलने त्यांना उडवलं. मोटरसायकलवाल्याने पोलिसांना सांगितलं की अंकल अचानक धावत समोर आले. पोलिसांनी ते लिहून घेतलं, पेपरवाल्याने पोलिसांचं लिहून घेतलं, आणि अंत्ययात्रेपासून तेराव्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याने तेच पाठ म्हटलं. वय झालं होतं. लक्ष नसेल. म्हातारपणी घाई करतात हो. काकूंच्या समोर बसून, त्यांच्या हातचं पाणी पीत म्हणत होते. सगळे गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी या माणसाच्या सावकाशीचा जाच काढला. आणि आता मला सांगतात धावले. स्टेजवर एवढा बोलतोस, हे एक जाऊन सांगता येत नाही तुला?"

गेलो. हवालदार माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. काका कोण होते, डोळा म्हणजे काय, क्रेन म्हणजे काय, सगळं मी त्याला साभिनय सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, मी तिथे हजर होतो का. नव्हतो. मग स्वभावावरून जबाब बदलत नाही, पाहणारा आणा, असं म्हणून त्याने पुढचा कागद ओढला. बरोबरच होतं त्याचं, म्हणून जास्त राग आला. मी पट्ट्यांपाशी जाऊन ज्याला त्याला विचारलं. पानवाल्याने तेवढं सांगितलं की अपघाताच्या वेळी तिथे एक टेम्पो उभा होता, जीन्सचे गठ्ठे भरलेला, आणि मागे मोठ्या अक्षरात झुलेलाल लिहिलेलं. आता सिंध्यांच्या उल्हासनगरात जीन्सचे गठ्ठे वाहणारे आणि मागे झुलेलाल लिहिलेले टेम्पो शोधायचे म्हणजे लग्नात फेटेवाला शोधण्यासारखं. पण टेम्पो उभा होता म्हणजे कुणीतरी थांबलं होतं, आणि थांबलं होतं म्हणजे काकांना डोळा मिळाला होता. मग मी रोज दुपारी, बँकेतून माणूस परतायच्या त्या वेळेला, पट्ट्यांच्या काठावर उभा राहू लागलो आणि दिसेल त्या झुलेलालला पंजा दाखवू लागलो. तोंड त्याच्याकडे करून. निम्म्यांनी शिव्या दिल्या, दोघांना वाटलं मी वर्गणी मागतोय.

हरेश सहाव्या दिवशी सापडला. पंचेचाळिशीचा, स्वतःचाच टेम्पो, उल्हासनगरहून बदलापूरला माल पोचवणारा. भोईरकाकांचं नाव त्याला माहीत नव्हतं. मी वर्णन केलं तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याला तीन-चार वर्षं काका ठाऊक होते, आमनेसामने एक शब्द न बोलता. म्हातारा उभा दिसला की हा थांबायचा, म्हातारा पंजा दाखवायचा, हा मान हलवायचा, तेवढीच ओळख. पोलिसांकडे का गेला नाहीस म्हणून मी आवाज चढवला, तेव्हा तो म्हणाला, "साईं, मी थांबलो नसतो ना, तर काका खाली उतरलेच नसते. दुसऱ्यासारखा निघून गेलो असतो, तर ते आज जिंदा असते. मी मारलं त्यांना." गेली तीस वर्षं लोक मला शब्दांचे पैसे देतात, आणि मी त्या टेम्पोच्या पायरीपाशी नुसता उभा.

त्याला काकूंकडे नेलं. यायला तयार नव्हता, जिन्यात दोनदा थांबला. काकूंनी त्याला खुर्ची दिली, तो खालीच बसला. सगळं सांगितलं त्याने: टेम्पो दुभाजकाच्या बाजूने होता, काकांनी पाहिलं, त्यानेही पाहिलं, काका उतरून टेम्पोच्या समोरून गेले, आणि डावीकडच्या मोकळ्या जागेतून, थांबलेल्या गाडीला मागे टाकून मोटरसायकल आली. त्याने हॉर्न दाबला, पण हॉर्न तर सगळेच दाबत होते... काकूंनी एकच विचारलं.

"चालत होते का धावत होते?"

"चालत होते, मावशी. एकदम आरामात. मागच्यांनी हॉर्न मारून मारून डोकं खाल्लं होतं, तरी आरामात."

काकू म्हणाल्या, "मग तू काय केलंस रे चुकीचं? तू थांबलास. थांबायचंच असतं." आणि लगेच, तोच सूर न बदलता, "हे पोलिसात सांगशील? घाबरत असशील तर आत्ता सांग, मी आशेवर बसणार नाही."

दुसऱ्याच दिवशी त्याने जबाब दिला. हवालदाराने शब्द न शब्द लिहून घेतला आणि मान वर करून मला बघितलं, ते मी माफी समजून घेतलं. पुढे काय होईल ते कोर्ट जाणे. पेपरवाल्यांना मी तीनदा फोन केला. जुनी बातमी आहे म्हणाले. म्हणून या पुरवणीत, जेवढी जागा मिळाली तेवढ्यात, मी लिहून ठेवतो: भोईरकाका घाईत नव्हते. ते पट्ट्यांवर होते, बघून उतरले होते, त्यांच्यासाठी एक गाडी थांबलेली होती. आणि तुम्ही, जे आत्ता चहा पिता पिता हे वाचताय आणि थोड्या वेळाने किक मारून निघाल, तुम्हाला विचारतो. तुमच्या पुढची गाडी रस्त्यात मधेच थांबते, तेव्हा ती का थांबली असेल? ड्रायव्हरला झोप लागली म्हणून? ती कुणासाठी तरी थांबलेली असते. तो माणूस तुम्हाला दिसत नाही, कारण मधे ती गाडी आहे. तो तुम्हाला दिसत नाही म्हणून तो तिथे नाहीच, असं धरून तुम्ही कडेने घुसता. घाईत तुम्ही असता, आणि शब्द मेलेल्याच्या नावापुढे लिहिला जातो.

जबाब झाल्यावर हरेश मला घरी सोडायला निघाला. मी त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो. पट्टे आले, आणि दुभाजकावर एक बाई उभी दिसली, खांद्याला भाजीची पिशवी, हातात गॅसचा लायटर-बियटर काहीबाही सामान. हरेशने वेग कमी केला, पण नेहमीसारखा सरळ थांबला नाही. टेम्पोचं नाक डावीकडे वळवून, दोन्ही लेन अडवून, आडवा थांबला. "आता असाच लावतो," तो समोर बघत म्हणाला, "साइडने कोणी जायलाच नको." मागे हॉर्नचा गदारोळ उठला. एक मोटरसायकलवाला माझ्या खिडकीपर्यंत आला, पुढे जागा नाही हे पाहून माझ्या आईचा उद्धार करू लागला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. बाई दुभाजकावरून उतरली, मधेच थांबून घसरणारी पिशवी नीट खांद्यावर घेतली, आणि पुन्हा चालू लागली. ती पलीकडच्या काठावर चढेपर्यंत हरेशने गियर टाकला नाही.