लाल मातीत टॉप सीड

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर घरचे सांगतीलच. दूधवाल्यानं माप घातलं की मी भांड्यात डोकावतो. एसटीची वेळ मी तिघांना विचारतो आणि तिघांवरही विश्वास ठेवत नाही.

दिघोरीत आम्हा दोघा भावांची शेती एकत्र आहे, चूलही एकच. धाकटा बाहेरचं बघतो: लाखांदूरला जाणं, बियाणं, खत, कागदपत्रं. मी बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, सांभाळतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवतो. वडील गेल्यावर गावातल्या बऱ्याच घरांत वाटण्या झाल्या, आमच्यात वाटणी झाली नाही, याचा मला मोठा अभिमान. पण पोटात भीती कायमची, की आपलं कुणीतरी एक दिवस गुपचूप वेगळं होईल.

मे संपत आला होता. बियाण्याच्या थैल्या घरात येऊन पडल्या होत्या. पऱ्हे टाकायचे होते, म्हणजे रोवणीसाठी रोपं तयार करायची होती. नेमका त्याच दिवसांत भाऊ दुपारचा गोठ्यामागे जाऊन फोनवर बोलायला लागला. भिंतीआडून दुसऱ्याचं ऐकू नये हे मला कळतं. मी म्हशीला वैरण टाकायला गेलो होतो. वैरण सकाळीच टाकून झाली होती, एवढंच.

"टॉप सीड गेला ना," तो हळू आवाजात म्हणत होता. "मी म्हनलोच होतो, लाल मातीत तो टिकत नाही. गवतावर लय चालते, पन मातीत त्याचं काही खरं नाही." मग जरा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सात नंबरवर भरोसा ठेव तू. आन फिकर नोको करू, इकडे कोनाले मालूम नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्याकडे धानाचे वाण नंबरानंच ओळखतात. दुकानदार 'सीड' म्हणतो, थैलीवरही तेच छापलेलं असतं. आणि टेकडीकडच्या आमच्या तीन बांध्या लाल मातीच्या. म्हणजे घरात आणून टाकलेलं बियाणं तिथं टिकणार नाही हे याला ठाऊक आहे. चांगलं सात नंबरचं तो दुसऱ्या कुणाला सुचवतोय आणि सख्ख्या भावाला अंधारात ठेवतोय. गवताचं तेवढं जमत नव्हतं. बांधावर पेरायचं असेल, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऐकलं, "अनसीडेड निघाला, पन लय जोरदार." म्हणजे बिनलेबलचा सुटा माल! बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "इचारा ना त्याले सरळ." सरळ विचारलं असतं तर तो सावध झाला असता. त्यापेक्षा मी थैलीतले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि धान्याच्या कोठीमागे ठेवले. चौथ्या दिवशी उघडून पाहिलं तर चौऱ्याण्णव दाण्यांना मोड. दुसरा कुणी खूश झाला असता. मला वाटलं, चांगले दाणे मुद्दाम वर ठेवले असतील.

शेवटी दोन थैल्या एसटीत टाकल्या आणि थेट लाखांदूरचं कृषी केंद्र गाठलं. दुकानात शेतकऱ्यांची गर्दी. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे सीड लाल मातीत टिकत नाही, हे तुमाले मालूम होतं का नाही?"

"कोन म्हनते?" दुकानदार चमकला.

"माहा भाऊच म्हनते, टॉप सीड लाल मातीत गेला."

दुकानदारानं तिथल्या तिथं भावाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "तुमचे भाऊ म्हनून राहिले, टॉप सीड लाल मातीत गेला म्हनून."

"गेला ना," तिकडून भाऊ म्हणाला. "तिसऱ्या फेरीतच हारला. पन भाऊ कईपासून टेनिस पाहाले लागला?"

दुकान हसून हसून वाकलं. मग दुकानदारानंच मला समजावलं. परदेशात लाल मातीच्या मैदानावर टेनिसची मोठी स्पर्धा सुरू आहे, त्यातली पुरुषांची एकेरी. मोठे खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांना भिडू नयेत म्हणून त्यांना नंबर देतात. त्या नंबराला सीड म्हणतात; पहिल्या नंबरचा तो टॉप सीड, नंबरच नसलेला तो अनसीडेड. थैलीशी त्याचा काहीएक संबंध नाही.

परतीच्या एसटीत थैल्या पायाशी घेऊन बसलो. लाज वाटत होती, खूप वाटत होती. पण गाव यायच्या आत डोक्यात दुसरा किडा वळवळला. टेनिस पाहायचं तर गोठ्यामागे कशाला? आणि बोलतो तरी कोणाशी?

भाऊ अंगणातच उभा होता. तो हसत नव्हता.

"कोनासंग बोलतेस तू?"

त्यानं थैल्या उतरवून घेतल्या आणि म्हणाला, "तुह्या पोरीसंग."

माझी मुलगी दोन वर्षांपासून नागपूरला नोकरीला आहे. मला तिचा फोन रविवारी येतो आणि दोन मिनिटांत संपतो. कामात असते बिचारी, असं मी सगळ्यांना सांगायचो.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तिनंच नोको म्हनलं. म्हने, बाबाले समजलं का इचारतील, कोनासंग पाहून राहिली, टीव्ही कोनाच्या घरी आहे, रूमवर कई आली."

मी असलं काही विचारत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं. तेच तीन प्रश्न जिभेवर होते, याच क्रमानं. भाऊ वेगळा होईल म्हणून मी गोठ्यामागे कान लावून उभा होतो, आणि इकडे पोर कधीच वेगळी होऊन गेली होती.

अंतिम सामना रविवारी संध्याकाळी होता. भावानं खाटेवर लोट्याला टेकवून फोन उभा केला आणि आम्ही दोघं पाहायला बसलो. एकाचा चेंडू बाहेर गेला तेव्हा तो मुद्दाम हरतोय असं मला वाटलं, पण बोललो नाही. तेवढ्यात पडद्यावर मुलीचं नाव आलं. भावानं फोन उचलून माझ्या हातात दिला.

"काका! पाहून राहिले ना?" ती ओरडलीच. इतका मोकळा आवाज मी तिचा कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"मी आहो," मी म्हणालो.

"बाबा?" आवाज एकदम खाली आला. "रूमवरच आहो मी. मैत्रीनच आहे संगं."

मी काहीच विचारलं नव्हतं.

"कोन जिंकंल, तुले काय वाटते?" मी म्हणालो. देवाशपथ, मला तेवढंच ऐकायचं होतं.

तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"काहून विचारून राहिले, बाबा?" ती म्हणाली. "काकानं काही सांगितलं का तुमाले?"