माझ्याच किचनचं पथ्य

नर्सने ट्रेवरचं झाकण उचललं आणि मी जेवण लगेच ओळखलं. उकडलेला दुधी, उकडलेलं गाजर, चिकनचा एक पांढराफटक तुकडा आणि भाताची मूद. कडेला छापील चिठ्ठी होती, ‘डाएट फोर, लो फॅट’. ओळखायला काहीच अवघड नव्हतं. तो मेनू मीच लिहिला होता.

आखाती युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. बहरीनमधल्या एका केटरिंग कंपनीत मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो. आमचं एक मोठं किचन होतं. तिथून लेबर कॅम्प, ऑफिसं आणि एका खाजगी हॉस्पिटलला रोज तयार जेवण जायचं. रेसिपी ठरवणं, माल मागवणं आणि रोज सकाळी अकरा वाजता प्रत्येक पदार्थाची चव बघणं, हे माझं काम. शेवटचं काम मी कधीच चुकवलं नाही. माझं वजन शहाण्णव किलो होतं आणि त्याला मी ‘प्रोफेशनल हॅझार्ड’ म्हणायचो.

डाएट फोर कसा जन्मला, तेही सांगतो. हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा त्यांच्या डाएटिशियनने पथ्याच्या जेवणांची यादी पाठवली. मी आमचा नेहमीचा मेनू समोर घेतला आणि त्यातलं तेल खोडलं. मग विचार केला, कशाला उगाच धोका, म्हणून मसाले खोडले. आंबट खोडलं, लसूण खोडली. एकूण वीस मिनिटं लागली, त्यात दोन फोनही घेतले. पुढे पेशंटच्या तक्रारी येऊ लागल्या. त्यावर मी कळवलं, ‘औषधांमुळे पेशंटच्या तोंडाची चव जाते, जेवणात दोष नाही.’ खाली माझी सही होती.

आता माझ्या तोंडात माझंच गाजर होतं आणि तोंडाची चव अगदी शाबूत होती.

शेजारच्या बेडवर हाजी युसुफ नावाचे, मुहर्रक शहरातले वयस्कर गृहस्थ होते. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईच्या खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी छान बोलायचे. ऑपरेशननंतर त्यांनाही डाएट फोरच होता. त्यांनी दुधी काट्याने इकडून तिकडे सरकवला आणि मला विचारलं, “ये खाना कौन पकाता है, आपको मालूम?”

“नहीं,” मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघू लागलो.

तिथे पोचलो कसा, तर एका शुक्रवारी मित्राकडे जेवायला गेलो होतो. मटण उत्तम होतं, मी त्याला पुरेपूर न्याय दिला. संध्याकाळी माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोटात दुखायला लागलं. कळ पट्ट्यासारखी पाठीपर्यंत जात होती. मी जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलो. बायकोने, वैशालीने, मला कसंबसं गाडीत घातलं आणि हॉस्पिटलला आणलं.

डॉक्टर इजिप्शियन होते, मोजकं बोलणारे. पित्ताशयातला एक खडा घरंगळून नळीत अडकला होता आणि त्यामुळे पॅनक्रियाजला सूज आली होती. मराठीत त्याला स्वादुपिंड म्हणतात, हे मला वैशालीने सांगितलं. आयुष्यभर स्वादावर पोट भरणाऱ्या माणसाचा नेमका तोच अवयव बिघडला होता. पाच दिवस तोंडावाटे काही नाही, नुसतं सलाइन. मग पाणी, मग सूप, आणि सातव्या दिवशी डाएट फोर.

“सहा आठवडे फॅट बंद,” डॉक्टर म्हणाले. “सूज पूर्ण उतरली की पित्ताशय काढू.”

“अगदी थोडं तेल?”

“मफी.”

मफी म्हणजे नाही. बहरीनमध्ये हा शब्द रोज ऐकतो आपण, पण इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता.

घरी आलो आणि मी किती चिडका माणूस आहे, हे घरच्यांना नव्याने कळलं. बिनतेलाची भाजी आणि कोरडे फुलके मी टीव्हीसमोर एकटाच सगळ्यांच्या आधी जेवायचो आणि खोलीत निघून जायचो. मुलगी केतकी तेव्हा बारा वर्षांची होती. ती एकदा म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट फूड.” तिला त्या दिवशी मी जे लेक्चर दिलं, त्यातलं निम्मं मराठी तिला कळलं नसावं. तिच्या दृष्टीने ते बरंच झालं.

दोन आठवड्यांनी कामावर रुजू झालो. त्याच आठवड्यात एका लग्नाची ऑर्डर होती. अकरा वाजता बिर्याणीचं पातेलं उघडलं. मी स्वतःला सांगितलं, एक चमचा चव म्हणजे काही जेवण नव्हे, ती ड्यूटी आहे. मग मीठ नक्की बरोबर आहे ना, म्हणून दुसरा चमचा. पातेल्याच्या तळाकडचं वेगळं लागतं, म्हणून तिसरा. तळलेला कांदा स्वतंत्र तपासायला हवा होता. मटणाचा तुकडा मऊ झालाय की नाही, हे काय नुसतं बघून कळतं? मी अत्यंत जबाबदारीने ड्यूटी केली आणि चार वाजता पुन्हा हॉस्पिटलमध्ये पोचलो.

या वेळी डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. आवाज चढवला नाही. “तुमच्या मुलीचं वय काय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “अशा अटॅकमध्ये माणसं जातात. मागच्या वेळी तुम्ही वाचलात. दर वेळी वाचालच, असं मी लिहून देणार नाही.”

ते गेल्यावर वैशाली त्या खुर्चीवर बसली. मग म्हणाली, “मी आणि केतकी दोन आठवडे तुमच्यासारखंच बिनतेलाचं जेवतोय. तुमच्यासमोर तळणीचा वास नको म्हणून. तुम्ही आधी जेवून उठायचात, तुमच्या लक्षात आलं नाही.”

भीती डॉक्टरांची वाटली होती, लाज आता वाटली.

मला पुन्हा तीच खोली मिळाली होती आणि हाजी युसुफ अजून तिथेच होते. त्यांच्या जखमेत पू झाल्याने मुक्काम वाढला होता. दुसऱ्या दिवशी जेवणाची ट्रॉली आली आणि ती घेऊन आलेल्या आमच्या ड्रायव्हरने मला बघून कडक सलाम ठोकला. “साहब, आपके लिए किचन से कुछ स्पेशल भेजूँ?”

हाजींनी काटा खाली ठेवला. ड्रायव्हर जाईपर्यंत थांबले. “तो ये आपका किचन है.”

“जी,” मी म्हणालो. “मेनूही माझाच आहे.”

मला वाटलं, आता उद्धार होणार. पण ते म्हणाले, “लहानपणी मी आजारी पडलो की आई माशाचं पातळ कालवण द्यायची. तेल नाही, तूप नाही. फक्त लूमी.” लूमी म्हणजे वाळवून काळं केलेलं लिंबू, इथल्या प्रत्येक घरात असतं. मग अगदी सहज म्हणाले, “मेरी माँ बीमार को भी इंसान समझती थी.”

शिव्या दिल्या असत्या तर जास्त बरं झालं असतं.

पुन्हा कामावर गेलो तर जनरल मॅनेजर, मिस्टर नासर यांनी केबिनमध्ये बोलावलं. ते बहरीनी, सभ्य गृहस्थ. त्यांच्यासमोर हॉस्पिटलचं पत्र होतं. आमच्या धंद्यात ‘रिटर्न्स’ म्हणून एक प्रकार असतो. ट्रे परत आल्यावर त्यात किती अन्न उरलंय ते बघायचं. डाएट फोरचं निम्म्याहून जास्त अन्न परत येत होतं. हॉस्पिटल कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या कंपनीला द्यायच्या विचारात होतं.

“एक महिन्याची मुदत मागून घेतली आहे,” मिस्टर नासर म्हणाले. “आणि हो, बिर्याणीचं मला कळलं. ऑपरेशन होईपर्यंत टेस्टिंग उस्मान करेल.”

उस्मानभाई आमचे हेड कुक. दापोलीजवळच्या गावातले, वीस वर्षं बहरीनमध्ये, नईम भागात राहायचे. मी हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमावाला. इतकी वर्षं मी चव बघून त्यांना सांगायचो. आता ते बघणार आणि मला सांगणार. मी केबिनबाहेर आलो तो मान खाली घालूनच.

उस्मानभाईंनी मात्र एका शब्दाने टोमणा मारला नाही. त्यांनी आधी डाएट फोरचा ट्रे मागवला आणि उभ्या उभ्या दोन घास खाल्ले.

“साहेब, तेल नाय ते ठीक हाय. पण ह्यातली चव काढायला कोणी सांगितलान?”

मी फाइल उघडली. डाएटिशियन मिस अन्नम्मांच्या मूळ पत्रात फक्त फॅटची मर्यादा लिहिलेली होती. मसाल्याबद्दल, आंबटाबद्दल अक्षरही नव्हतं. मीठ कमी करायचा डाएट वेगळाच होता. मी मिस अन्नम्मांना फोन करून खात्री केली. “तिखट बेताचं ठेवा,” त्या म्हणाल्या, “बाकी मी कशालाच मनाई केली नव्हती. मला वाटलं, तुमच्याकडे असंच करतात.”

मग आम्ही कामाला लागलो. स्वयंपाकात तेल तीन कामं करतं. मसाल्याचा वास पदार्थभर पसरवतं, पदार्थ ओलसर ठेवतं आणि भांड्याला चिकटू देत नाही. तिसऱ्याची चिंता नव्हती, वाफवलं की झालं. पहिल्या दोन कामांना माणूस शोधायचा होता.

वासासाठी जिरं कोरडं भाजून, कुटून, अगदी शेवटी घालायचं ठरलं. कांदा-टोमॅटो थेट जाळावर भाजून वाटले. वांग्याचं भरीत केलं, त्यात मलई काढलेलं लबन, म्हणजे इथलं घट्ट ताक. उस्मानभाईंनी हामूर माशाला कोथिंबीर, लसूण आणि आमसुलाचं वाटण लावलं. सवयीने नारळाकडे हात गेला. मी म्हटलं, “नारळात फॅट असतं.”

ते थबकले. “नारळाशिवाय मासा केला हे गावात कळला तर मला जमातीत घ्यायचे नाय.” तरी हात मागे घेतला.

मासा केळीच्या पानात गुंडाळून वाफवला. पान उघडलं तेव्हा पथ्याच्या पदार्थाने पहिल्यांदा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कंपनीत डाएट फोरवर मी एकटाच होतो, त्यामुळे हे सगळे प्रयोग माझ्याच पोटातून गेले. उस्मानभाई चव बघायचे, मी जेवायचो. उरलेला मासा मी घरी नेला. त्या संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी एकत्र बसलो. केतकीने पानाला चिकटलेलं वाटणसुद्धा बोटाने निपटून खाल्लं आणि म्हणाली, “कॅन वी हॅव धिस इव्हन आफ्टर यू आर ओके?”

पण घरचं ताट वेगळं आणि हॉस्पिटलचा ट्रे वेगळा. किचनमध्ये लुसलुशीत असलेला मासा गरम ट्रॉलीत तासभर राहिला की कापसासारखा व्हायचा. तेल नव्हतं, ओलावा धरायचा कोणी? दोन दिवस आम्ही डोकं धरून बसलो. मग मला हाजींचं पातळ कालवण आठवलं. लूमी आणि आमसुलं उकळून पातळ सार केलं आणि मासा त्यात बुडवूनच पाठवायचा ठरवला. शिवाय मासा अगदी शेवटच्या फेरीत, ट्रॉली भरायच्या जरा आधी शिजवायचा. उस्मानभाईंनी लूमी आधी हुंगलं, मग चाखलं. “आंबट तो आंबटच,” ते म्हणाले, “आपला नसला तरी.”

मिस अन्नम्मा चव बघायला आल्या. सगळं खाऊन झाल्यावर त्यांनी संशयाने विचारलं, “तेल किती?”

“अजिबात नाही.”

त्यांनी पर्समधून टिश्यू पेपर काढला, भरीत त्यावर ठेवलं, मग माशाचं वाटण ठेवलं आणि पेपर उजेडासमोर धरला. पाण्याचा डाग होता, तेलाचा नव्हता. त्यांनी तो पेपर हलवून वाळवला आणि पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, “उद्यापासून सुरू करा.”

पहिल्याच दिवशी घोळ झाला. आम्ही मासा पानासकटच सारात बुडवून पाठवला होता. निम्म्या पेशंटनी पान ही सजावट समजून बाजूला सारलं, तसंच बंद. एकाच्या नातेवाइकाने तर तक्रार लिहिली की आमच्या वडिलांना झाडाचा पाला दिला. मिस्टर नासरनी मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, “पाला का?” दुसऱ्या दिवसापासून पानं किचनमध्येच काढली.

मग हळूहळू ट्रे रिकामे येऊ लागले. मी स्वतः रिटर्न्सच्या टेबलाशी उभा राहून झाकणं उघडायचो. महिना संपला तेव्हा हॉस्पिटलने कॉन्ट्रॅक्ट चालू ठेवलं, आणि मिस अन्नम्मांनी बाकीचे डाएटही असेच सुधारून मागितले. हाजी युसुफ डिस्चार्ज होण्याआधी चार दिवस तरी नवा मेनू जेवले. मत विचारायला गेलो तर म्हणाले, “लूमी थोडा कम है.” ते वाढवलं.

दुसऱ्या अटॅकनंतर सहा आठवड्यांनी माझं पित्ताशय निघालं. वजन तोवर ब्याऐंशीवर आलं होतं. पुढे डॉक्टरांनी तेल बेताने सुरू करायला सांगितलं. टेस्टिंगचं काम परत मिळालं, पण मी मिस्टर नासरना सांगून उस्मानभाईंनाही त्यात कायम ठेवलं. माझी जीभ चांगली होती. भरवशाची मात्र त्यांची होती.

त्यानंतर मी किचनमध्ये एक नियम केला. पथ्याचा मेनू जो लिहील, त्याने तो सही करण्याआधी सलग तीन दिवस स्वतः जेवायचा. ज्युनियर मंडळी कुरकुरली. एकाने तर दुसऱ्या दिवशी दुपारीच आपला मेनू परत मागून घेतला. नियम झाल्यापासून आमच्याकडे मेनू कमी लिहिले गेले, पण लिहिलेले बहुतेक खाल्ले गेले.