फाउंडेशन संपेपर्यंत

माझी नात सातवीत आहे आणि यंदापासून तिचं फाउंडेशन चालू आहे. फाउंडेशन म्हणजे पाया, एवढं मला समजतं. पण आमच्या घरात हा शब्द प्रवेश परीक्षेच्या क्लासचं नाव आहे आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तरही. नात लग्नाला का आली नाही? फाउंडेशन. जेवली का नाही? फाउंडेशन.

माझी बायको गेल्या थंडीत गेली. तोवर रोज संध्याकाळी ती नातीकडून पुरात अडकलेल्या एका नावाड्याची मराठी कादंबरी मोठ्यानं वाचून घ्यायची. आमचं शहर हिंदी; नातीला मराठी समजते, बोलताना मात्र ती हिंदीवर घसरते, म्हणून हा उद्योग. पुस्तक अर्ध्यावर राहिलं. ते नातीबरोबर पूर्ण करावं, एवढंच बायकोसाठी करण्यासारखं माझ्याकडे उरलं होतं.

मुलाकडे आठवड्यातली एक संध्याकाळ मागितली.

"बाबा, काहून तिच्या मागे लागून राहिले? एक दिवस बुडाला तर बेस कच्चा राहते."

"आणि हे अर्धंच राहिलं तर?" मी पुस्तक दाखवलं.

"सुट्टीत वाचेल न."

सुट्टी लागली. सुट्टीत फाउंडेशनची वेगळी बॅच निघाली. मग मी स्वतः क्लासमध्ये गेलो. टेबलामागच्या मुलीला विचारलं, "ये पूरा कब होगा?"

"दसवीं तक चलता है, अंकलजी. उसके बाद असली कोर्स."

आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, पण असला हिशेब पहिल्यांदाच ऐकला. म्हणजे दहावीपर्यंत नातीचं खरं असं काही सुरूच व्हायचं नाही.

शेवटी तिला क्लासला सोडायचं काम मी मागून घेतलं. आमच्या दीक्षितपुऱ्यातून ई-रिक्षानं जाताना थोडं थोडं वाचू, असा विचार. पहिल्या दिवशी तिनं वाटभर सूत्रं घोकली. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं दोन ओळी वाचल्या आणि किती पानं उरलीत ते बोटानं चाचपलं.

"आजोबा, तुम्हीच सांगून द्या न शेवट. शॉर्टमध्ये."

"आजीला असं म्हणायचीस का?"

"तेव्हा फाउंडेशन कुठं होतं माझं?"

रिक्षा क्लाससमोर थांबली होती. मागून हॉर्न वाजत होते.

"पुरात अडकलेला तो नावाडी घरी पोहोचतो," मी म्हणालो.

"अच्छा. चलो, बाय आजोबा." तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि धावत जिना चढली.